पावसाळ्यात ब्रोमेलियाडचा गाभा दरवर्षी कुजतो: कारण शोधा, मगच औषध

जुलैच्या मध्यावर गुझमानिया (ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातलं एक शोभेचं झाड) वरून पाहिलं तर हिरवीगार, टवटवीत दिसते. मधलं कोवळं पान चिमटीत धरून हलकेच ओढलं, की ते अलगद हातात येतं. पानाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पांढराशुभ्र आणि कडक असायला हवा. तो चहाच्या रंगाचा, बुळबुळीत झालेला असतो. त्याच्या वर एक गडद तपकिरी रेघ, आणि रेघेच्या वरचं पान अगदी निरोगी. वास आंबूस. शेजारचं पान ओढलं तर तेही येतं. चार-पाच दिवसांत मधे पोकळी उरते आणि भोवती बाहेरच्या पानांचं कडं.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या बागांत ब्रोमेलियाड दगावण्याचं हे एक मोठं कारण आहे. बहुतेक जण बुरशीनाशक ओततात, झाड वाचलं तर त्याच कुंडीत, त्याच जागी परत ठेवतात, आणि पुढच्या जुलैत तेच पुन्हा घडतं. कूज वरून खाली गेली की खालून वर आली, हे न पाहता केलेला उपाय टिकत नाही. दोन्हींत दिसणारं चित्र सारखं असतं, पण कारणं वेगळी आणि दुरुस्तीही वेगळी.

गाभाच का कुजतो

ब्रोमेलियाडचं पान टोकाकडून वाढत नाही, बुंध्याकडून वाढतं. म्हणजे पानाचा सर्वांत कोवळा भाग पेल्याच्या, म्हणजे पानांच्या बुंध्यांमधे पाणी साठणाऱ्या खोलगट जागेच्या तळाशी, नेमका पाण्यात बुडालेला असतो. वाढीचा कोंबही तिथेच. निरोगी झाडाला त्या पाण्याचा त्रास होत नाही, उलट पानांच्या तळाशी असलेल्या सूक्ष्म खवल्यांतून ते पाणी आणि अन्न शोषून घेतं. अडचण येते ती पाण्यातला प्राणवायू संपल्यावर. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यात कुजका पाचोळा पडला की जिवाणू उरलेलाही संपवतात. गुदमरलेल्या पेशींत शिरणं मग फायटोफ्थोरासारख्या बुरशीसदृश जिवांना सोपं जातं. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. अननसाचा गाभा कुजवणारे, सुपारीवर कोळेरोग आणणारे आणि नारळाचा कोंब कुजवणारे जीव याच गोत्रातले आहेत. अननस तर ब्रोमेलियाडच्याच कुळातला, त्यामुळे वाडीत अननसाला गाभाकूज दिसत असेल तर शेजारच्या कुंड्यांकडे आधी लक्ष द्या.

मागून जिवाणूंची लागण झाली की आंबूस वासाची जागा सडक्या मासळीसारखी दुर्गंधी घेते. या टप्प्यावर हातात फार वेळ नसतो, एक-दोन दिवसच.

वरून की खालून, हे कसं ओळखायचं

झाड कुंडीतून बाहेर काढा. कुंडीत ठेवून निदान होत नाही. खालची दोन-तीन पानं सोलून खोड उघडं करा आणि धारदार पात्याने खोडाचा तळ आडवा कापा. पातं आधी स्पिरिटने पुसून घ्या.

काप पांढरट, घट्ट आणि स्वच्छ असेल, मुळं कोरडी-कडक असतील आणि कूज फक्त मधल्या पानांत असेल, तर ती पेल्यातून खाली गेली आहे. कापात तपकिरी कडं किंवा डाग दिसला, मुळं ओढल्यावर सालपट निघून आत दोरा उरला, झाड कुंडीत डुगडुगत होतं आणि मधल्या पानांआधी खालची बाहेरची पानं सुटत होती, तर कूज कुंडीतल्या मातीतून वर आली आहे.

दोन गोष्टींची मात्र गल्लत करू नका. फुलोरा येऊन गेल्यावर मूळ झाड हळूहळू संपतं, ते त्याचं आयुष्यच आहे. ब्रोमेलियाडचं एक रोप एकदाच फुलतं. तेव्हा बाहेरची पानं टोकाकडून सुकत जातात, याला कित्येक महिने लागतात, आणि गाभ्यातलं पान ओढून निघत नाही. नर्सरीतून फुलासकट आणलेली गुझमानिया पहिल्या वर्षातच उतरणीला लागते ती यामुळे; तिला इथिलीन देऊन ठरल्या वेळी फुलवलेलं असतं. दुसरं म्हणजे, मुसळधार पावसात गुझमानियाच्या लाल फुलोऱ्यातच पाणी साठून तो तपकिरी पडतो. हा रोग नाही. दांडा खालून कापून टाका आणि पेला धुऊन घ्या.

कूज वरून आली असेल तर

पहिला संशय वरच्या झाडावर घ्या. आंबा, बदाम, पर्जन्यवृक्ष यांच्याखाली ठेवलेल्या झाडांच्या पेल्यात मे-जूनमध्ये पानं, मोहोराचे देठ, शेंगांचे तुकडे साठतात. पहिल्या सरींत ते भिजतात आणि आठवड्याभरात पेल्यातलं पाणी काळं होतं. जंगलात हाच पाचोळा त्यांचं अन्न असतो, हे खरं; पण तिथे झाड फांदीवर तिरकं बसलेलं असतं, वारा खेळता असतो आणि पेला सतत वाहून ताजा होतो. कुंडीत सरळ उभ्या झाडाचा पेला हे बंद डबकं होतं.

दुसरा संशय पागोळीवर. कौलांवरून किंवा पत्र्यावरून पडणारी धार थेट गाभ्यात घेणारी कुंडी वाचणं कठीण. धारेबरोबर शेवाळ, धूळ, पक्ष्यांची विष्ठा येते, आणि जोराच्या आघाताने कोवळी पानं तळाशी चिरतात. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर पाण्याबरोबर जस्तही येतं. वळचणीची जागा कुंड्या ठेवायला सोयीची वाटते, पण दरवर्षी तिथलीच झाडं जातात. कुंडी पागोळीच्या रेषेपासून निदान दीड फूट आत, भिंतीकडे घ्या किंवा तेवढीच बाहेर.

तिसरं कारण कोकण-गोव्याच्या वाड्यांत फार दिसतं आणि ते सहसा लक्षात येत नाही: बोर्डो. सुपारीच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. खाली ब्रोमेलियाड असतील तर ते निळसर थेंब थेट पेल्यात जातात. तांबं ब्रोमेलियाडला विषासारखं आहे. ही मर ओळखायची खूण अशी, की गाभा काळपट तपकिरी होतो, पण सुरुवातीला बुळबुळीतपणा नसतो आणि वासही नसतो. एकाच दिवशी फवारणीखाली असलेली अनेक झाडं एकदम जाऊ लागली तर दुसरं काही शोधू नका. फवारणीआधी कुंड्या हलवा. हलवता येत नसतील तर प्लॅस्टिकने झाका, फवारा सुकल्यावरच प्लॅस्टिक काढा. पण सुपारीच्या झावळ्यांवरून पुढचे कित्येक दिवस पावसाबरोबर तांबं गळत राहतं, त्यामुळे हलवणं हाच खरा मार्ग. गाभाकूज दिसली म्हणून स्वतःहून कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतणारेही पुष्कळ आहेत. त्याने उरलेलं झाड जातं.

याच कारणासाठी द्राक्ष-डाळिंबासाठी मिळणारी सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं यांच्यावर फवारू नका. त्यांत तांबं आणि बोरॉन दोन्ही असतात, आणि बोरॉनने पानांची टोकं जळतात. पेल्यात खताचे दाणे, गांडूळखत, जीवामृत, ताक यांपैकी काहीही घालायचं नाही. खत द्यायचंच तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरमागे अर्धा ग्रॅम, ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा, कुंडीतल्या मिश्रणावर. पावसाळ्यात अजिबात नको.

डासांच्या भीतीने पेल्यात रॉकेल किंवा खोबरेल टाकण्याची पद्धतही झाड मारते, कारण तेलाने पानांच्या तळाचे खवले बुजतात. एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा दर पाचव्या दिवशी नळीच्या धारेने पेला उलटून वाहीपर्यंत धुतला की अळ्या निघून जातात, पाणी ताजं होतं आणि कूजही टळते. हे काम पावसातही करायचं. पाऊस पडतोच आहे म्हणून पेला आपोआप धुतला जातो असं नाही. रिमझिमीत पाणी वरच्या वर ओसंडतं, तळाचा गाळ हलत नाही. कुंड्या फार असतील तर जैविक अळीनाशक, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, पाकिटावरच्या मात्रेत चालतं.

कूज खालून आली असेल तर

इथे दोष बहुधा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्शाचा. नर्सरीतली गुझमानिया आणि व्रिसिया पॉलिहाउसमध्ये मोजून पाणी देत वाढवलेल्या असतात, तिथे नुसतं पीट किंवा कोकोपीट चालून जातं. तीच कुंडी तीन महिन्यांच्या पावसात ठेवली की आतला गोळा सप्टेंबरपर्यंत सुकतच नाही. बरं, नुसतं मोठ्या कुंडीत हलवूनही उपयोग होत नाही, कारण मुळांभोवतीचा जुना गोळा तसाच राहतो. झाड आणल्यावर, मेअखेरीच्या आत, तो गोळा बादलीत भिजवून बोटांनी मोकळा करा. कधी कधी अगदी मधे, खोडाला लागून, रोपवाटिकेतली छोटी जाळीची टोपी सापडते. ती कात्रीने कापून काढा. खोडाला चिकटलेला तो ओला बोळा हेच कुजीचं घर असतं.

मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे एक ते दीड सेंटिमीटरचे तुकडे ५ भाग, लाकडी कोळशाचे तेवढेच तुकडे २ भाग, विटांचे बारीक तुकडे २ भाग, पानकुज १ भाग. सोडणाचे तुकडे आधी तीन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. चहासारखा रंग फिका होईपर्यंत त्यांतले क्षार आणि टॅनिन निघून जातात. कुंडी भरली की वरून मगभर पाणी ओता. पाच-सहा सेकंदांत ते खालून बाहेर यायला हवं. थबकून, वर तळं करून मुरत असेल तर पानकुज काढून टाका, विटांचे तुकडे वाढवा. कोकणातली जांभ्याची तांबडी माती या मिश्रणात नको, ती पावसात चिकटून बसते.

कुंडी लहानच घ्या. गुझमानियाला ४ ते ५ इंच, मोठ्या निओरेजेलियाला ६ इंच पुरतात. यांची मुळं मुख्यतः आधारासाठी असतात. मोठ्या कुंडीत मुळांपलीकडचं मिश्रण ओलं राहतं आणि तिथूनच कूज चढते. बशी पावसाळ्यात काढून ठेवा.

लावण्याची खोली ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक. झाड डुलतं म्हणून लोक ते खोल पुरतात. खालच्या पानांचा जोड मिश्रणाच्या पातळीच्या वर दिसायलाच हवा. मुळं आत, पानं बाहेर. डुलत असेल तर बांबूच्या दोन काड्या बाजूला खोचून तंगुसाने बांधा, सहा-आठ आठवड्यांत मुळं धरतात. बांधायला विजेच्या वायरमधली तांब्याची तार कधीही वापरू नका.

झाड वाचवायचं कसं

सुटणारी सगळी पानं काढून टाका, जोर लावू नका, जी येतात तेवढीच. नळाच्या धारेने पेला स्वच्छ होईपर्यंत धुवा. खोडाचा तळ पातळ चकत्यांनी कापत जा, नाण्याएवढ्या जाडीची एकेक चकती, प्रत्येक कापाला पातं पुसून. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबा. निदान दोन सेंटिमीटर पांढरं खोड उरलं तर आशा आहे.

औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के करा, पेल्यात ओता, पाच मिनिटं फसफसू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन टाका. हे एकदाच करायचं. रोज ओतलं तर कोवळ्या पेशीही जळतात. त्यानंतर फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम हे बुरशीनाशक लिटरमागे २ ग्रॅम पाण्यात विरघळवून पेल्यात आणि खोडाच्या कापावर ओता. हातमोजे घाला, लेबल वाचा, आणि ते तांबंयुक्त औषधात किंवा विद्राव्य खतात मिसळू नका. दहा मिनिटांनी झाड उलटं करून निथळू द्या आणि दिवसभर उलटंच ठेवा, पाऊस लागणार नाही अशा वाऱ्याच्या जागी.

पुढचे दहा-पंधरा दिवस पेला कोरडा. सोडणाच्या कोरड्या तुकड्यांवर झाड नुसतं टेकवून ठेवा, बाहेरच्या पानांवर दिवसाआड हलका फवारा पुरतो. पंधरा दिवसांनी गाभ्याची कडा सुकून खपली धरलेली दिसली तर कूज थांबली.

गाभा पूर्ण गेला असला तरी झाड फेकू नका. वाढीचा कोंब मेला की पानांच्या बगलांतले सुप्त डोळे जागे होतात, आणि एक ते तीन महिन्यांत खोडाच्या बाजूने पिल्लं फुटतात. बऱ्याचदा फुलल्यानंतर फुटतात त्यांपेक्षा जास्त. बाहेरची हिरवी पानं तोवर त्यांना पोसतात, म्हणून ती कापायची नाहीत. पिल्लू आईच्या उंचीच्या एक तृतीयांश ते अर्ध्याएवढं झालं की खोडालगत कापून वेगळं करा. त्याआधी घाईने काढलेली पिल्लं मुळं धरण्याआधीच सुकतात.

कोणतं झाड पावसात ठेवायचं, कोणतं नाही

गुझमानिया सगळ्यांत नाजूक, तिच्याखालोखाल व्रिसिया. या दोघी छपराखाली, ७५ टक्के शेडनेटच्या सावलीत. एकमिया फॅसिएटाची रुपेरी पट्ट्यांची पानं सततच्या पावसाला कंटाळतात, तिलाही आडोसा द्या. निओरेजेलिया आणि बिलबर्जिया उघड्या पावसात तग धरतात, फक्त त्यांची कुंडी एका बाजूला वीट सरकवून ३० ते ४५ अंशांत तिरकी करा. पेल्यात निम्मंच पाणी राहतं आणि प्रत्येक सरीबरोबर ते बदलतं. कुंडीपेक्षाही चाफ्याच्या किंवा आंब्याच्या खोडावर तंगुसाने बांधलेली निओरेजेलिया कोकणात उत्तम राहते, कारण तिथे कुजायला मिश्रणच नसतं. पेरूवर मात्र बांधू नका, त्याची साल सोलून पडते आणि झाडही तिच्याबरोबर खाली येतं. क्रिप्टँथसला पेला नसतो आणि तो मातीतच वाढतो, त्यामुळे त्याची कूज नेहमी खालूनच.

टिलँडसिया या मातीविना वाढणाऱ्या ब्रोमेलियाडांत रुपेरी पानांच्या जाती, झेरोग्राफिका किंवा टेक्टोरमसारख्या, जून ते सप्टेंबर पूर्ण छपराखाली आणि उलट्या टांगलेल्या हव्यात. हवेतलीच आर्द्रता त्यांना पुरते. भिजल्या तर चार तासांत कोरड्या व्हायला हव्यात. पावसाळी कोंदट गॅलरीत ते जमत नाही, तिथे टेबलपंखा लावा.

ऑक्टोबरची दुसरी लाट

पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं समजून शेडनेट दुरुस्त करायचं राहून जातं. तीन महिने ढगांखाली वाढलेली पानं मऊ आणि लांबट असतात. ऑक्टोबरच्या पहिल्याच उन्हात पानाच्या बाकावर, जिथे ऊन सरळ लागतं तिथे, फिकट पांढरट चट्टा पडतो आणि दोन दिवसांत तो कागदासारखा तपकिरी होतो. तो डाग जात नाही, पण झाड मरत नाही. मरतं ते पेल्यातलं पाणी तापल्याने. दुपारी एकच्या सुमाराला पेल्यात बोट घाला. पाणी कोमट लागलं तर ती जागा चुकली. पाणी ओतून टाका, थंड पाणी भरा, आणि झाड सकाळचं ऊन मिळेल पण अकरानंतर सावली येईल अशा ठिकाणी न्या. निओरेजेलियाचा रंग उठावा म्हणून उन्हात न्यायची असेल तर ५० टक्के शेडनेटखाली दोन आठवडे सवय लावून, मगच.

या दिवसांत बोअरवेलचं पाणी सुरू होतं. ते जड असेल तर पेल्याच्या काठावर पांढरा थर बसतो आणि पानांची टोकं सुकतात. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसाचं पाणी पिंपात, झाकण घट्ट लावून साठवा. मोजक्या झाडांच्या पेल्यांना २०० लिटरचं एक पिंप दिवाळीच्या पुढेही बराच काळ पुरतं.